बंदर मागण्यापूर्वी

हुबळी-धारवाडहून समुद्र दिसत नाही. तरीही या जुळ्या शहरांचा समुद्राशी असलेला व्यवहार पुष्कळ जुना आहे. १६३८ साली कोर्टीन मंडळाच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी कारवारला वखार घातली ती एकट्या मिरीसाठी नव्हे. घाटावर, विशेषतः हुबळीच्या पेठेत, विणकरांकडून जमा होणारे तलम कापड खाली उतरवून जहाजात चढविण्याची सोय तेथे होती, आणि म्हणूनच १६७३ साली अण्णाजी दत्तोंच्या फौजेने हुबळी लुटली तेव्हा तिची झळ इंग्रजांनाही लागून त्यांचा नुकसानभरपाईचा तगादा पुढे कित्येक वर्षे मराठी दरबारात चालू राहिला. आज साडेतीनशे वर्षांनंतर माल बदलला आहे, राजवटी बदलल्या आहेत. परंतु समुद्राकडे जाणारी वाट मोकळी व्हावी ही घाटावरची मागणी तशीच उभी आहे. हुबळी-अंकोला लोहमार्ग व्हावा, कारवार बंदराचा दुसरा टप्पा पुरा व्हावा, अंकोल्याजवळ केणी येथे खोल पाण्याचे नवे बंदर उभे राहावे, या तीन गोष्टी आपल्या शहरातील सभांतून, व्यापारी मंडळांच्या निवेदनांतून आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्यांतून इतक्या वर्षांपासून ऐकू येत आहेत, की त्यांच्या दुसऱ्या टोकाला कोणी राहते, त्याचीही काही संमती घ्यावी लागेल, हा विचार सहसा आपल्या मनाला शिवत नाही. हा लेख त्या दुसऱ्या टोकाविषयी आहे.

काळी नदीच्या उत्तरेस गोव्याच्या सरहद्दीला टेकलेल्या माजाळीपासून दक्षिणेस बेलेकेरीच्या आखातापर्यंतचा किनारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की येथे सह्याद्री समुद्रापासून अंतर राखून उभा राहत नाही. त्याचे फाटे थेट पाण्यात उतरतात, आणि दोन फाट्यांमध्ये जी अर्धचंद्राकार वाळू उरते तिच्यावर एकेक गाव वसलेले असते. चित्ताकुळ, बैतखोल, बिणगा, अर्गा, चेंडिया, तोडूर, हारवाडा ही नावे नकाशावर शोधावी लागतील इतकी ती लहान. त्यांत खारवी, गाबीत, हरिकंत्र, अंबिग यांची मासेमारी करणारी घरे, किंचित आत कोमारपंत, भंडारी, हालक्की वक्कलांची शेतीवाडी, आणि मागे लगेच अरण्य. घरात कोकणी, भजनात आणि नाटकात बव्हंशी मराठी, कचेरीत आणि आता शाळेत कन्नड, असा तेथला भाषाव्यवहार. आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटत नसे, ज्याप्रमाणे घरी मराठी बोलणारे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे कन्नडचे महाकवी व्हावेत यात धारवाडात कोणाला विपरीत वाटले नाही. काकासाहेब कालेलकरांच्या बालपणाचा काही काळ याच कारवारात गेला, आणि १८८३ साली तरुण रवींद्रनाथ आपल्या न्यायाधीश बंधूंकडे येथेच येऊन राहिले होते. मोठ्या माणसांना या किनाऱ्याचे सौंदर्य दिसले. तेथल्या लहान माणसांच्या उदरनिर्वाहाची रचना मात्र फार थोड्यांनी न्याहाळली.

ती रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबणे इष्ट आहे. या गावांचा मुख्य आधार रापण होती. रापणीचे जाळे हे कोणा एका सावकाराची मालमत्ता नसे. घराघरांतून आलेले जाळ्यांचे असंख्य तुकडे एकमेकांस जोडून ते शेकडो वार लांबीचे होई, आणि ज्याचे जितके तुकडे तितका त्याचा वाटा, होडीचा वाटा निराळा, ओढणाऱ्या हातांचा निराळा, असा हिशेब पिढ्यान्पिढ्या तोंडी पण चोख चालत असे. बांगड्यांचा किंवा तारल्यांचा थवा आला म्हणजे पाण्याचा रंग पालटतो. तो उंचावरून ओळखणारा जाणता माणूस खूण करी, होडी थव्याला वळसा घालून जाळे सोडीत परत किनाऱ्याला लागे, आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून सारे गाव वाळूवर पाय रोवून उभे राही. दोराला ज्याने हात लावला त्याच्या घरी त्या दिवशी मासळी शिजली पाहिजे, मग तो रापणकार असो, परगावचा पाहुणा असो की ज्याच्या घरी कर्ता पुरुष नाही अशी विधवा असो, हा नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हता, परंतु कोणत्याही कायद्यापेक्षा अधिक निरपवादपणे पाळला जात होता.

आणि ही रापण समुद्राइतकीच अरण्यावर उभी होती. होडीच्या फळ्या मागच्या रानातील झाडांच्या, त्या लोखंडी खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या. सांध्यांना लावायचे तेल उंडीच्या बियांचे. जाळ्याचे सूत कुजू नये म्हणून ते झाडांच्या साली उकळलेल्या पाण्यात भिजविलेले. मासळी खारविताना आणि रांधताना लागणारे जळण डोंगरातले. मृगाच्या सुमारास समुद्र खवळून होड्या वर ओढल्या, म्हणजे तीच माणसे कुळागरांत व भातखाचरांत मजुरीला जात, कोकम, फणस, शिकेकाई आणि पालापाचोळा गोळा करीत, आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्याकडे वळत. वर्षाचा अर्धा भाग समुद्राने उचलावा आणि उरलेला अरण्याने, अशी ही वाटणी होती. मत्स्यखाते, बंदरखाते, महसूलखाते आणि वनखाते यांनी आपापली दफ्तरे निरनिराळी ठेवली म्हणून कागदावर समुद्र एकीकडे आणि जंगल दुसरीकडे गेले. गावाच्या दृष्टीने मात्र ते एकच वतन होते, आणि यातल्या कोणत्याही एका भागावर घाला पडला तर दुसराही लंगडा होणार हे तेथल्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसालाही कळत होते.

आता या वतनाशी आपल्या घाटावरच्या व्यापाराने कसा व्यवहार केला ते पाहू. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस थांबला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी धारवाड जिल्ह्याच्या काळ्या जमिनीकडे वळली. धारवाडचा कापूस समुद्रापर्यंत कसा न्यायचा हा त्या काळचा सर्वांत निकडीचा प्रश्न होता. कुमठ्याच्या उघड्या बंदरापेक्षा कारवारची खोल आणि आडोशाची जागा श्रेष्ठ, असा व्यापाऱ्यांनी निर्वाळा दिला, आणि त्यांच्या आग्रहाचा परिणाम असा झाला, की १८६२ साली उत्तर कानडा (आजचा उत्तर कन्नड) जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. आपल्या शेतातल्या कापसाच्या गाठींसाठी एका समग्र किनाऱ्याचे सरकार बदलले गेले! जिल्ह्याचे ठाणे कारवारला आले, घाटरस्ते फोडले गेले, वखारी उभ्या राहिल्या, रिकाम्या वाळूवर एका शहराची आखणी झाली. पंचवीस वर्षांत हे सारे वैभव ओसरले, कारण १८८८ साली लोंढ्यावरून मार्मागोव्याला जाणारा लोहमार्ग पुरा झाला, सदर्न मराठा रेल्वेने हुबळीचा माल पोर्तुगीज बंदराकडे वळविला, आणि कारवारच्या धक्क्यावर धारवाडचा कापूस दिसेनासा झाला. त्या व्यापाऱ्यांना कोणी दोष द्यावा असे मी म्हणत नाही. स्वस्त वाट मिळाली की माल त्या वाटेने जाणारच. परंतु मागणी जागा बदलू शकते आणि गावाला जागा बदलता येत नाही, एवढा बोध त्या पंचवीस वर्षांतून आपण घ्यावयास हवा होता, तो घेतलेला दिसत नाही.

कापूस गेला तरी लाकूड राहिले. १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव होत गेली, पूर्वीची वहिवाट ही सवलत ठरली, आणि सवलत म्हणजे जी केव्हाही काढून घेता येते ती. उत्तर कानड्याचा सागवान अळणावरच्या वखारीतून देशभर जाऊ लागला; दांडेलीपर्यंत आगगाडीचा फाटा आला तो मुख्यतः लाकडासाठी; स्वातंत्र्यानंतर दांडेलीला कागदाची गिरणी निघाली आणि बांबूची बेटे तिच्या पोटात गेली, ज्या बांबूवर बुरुडांची घरे चालत होती. किनाऱ्यालगतच्या गायरानांवर सुरूची लागवड झाली, म्हणजे वाळूवरची जी जागा जाळी वाळविण्याला आणि गुरे सोडण्याला मोकळी होती तीही खात्याच्या कुंपणात आली. १९८३ च्या सप्टेंबरात शिरसीजवळ सळकणीच्या लोकांनी झाडांना मिठी मारून ‘अप्पिको’चा आरंभ केला तेव्हा घाटावरच्या अरण्याचे दुःख देशाला दिसले, किनाऱ्यावरच्या अरण्याची कैफियत तेवढ्या मोठ्या आवाजात कधी मांडली गेली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती मांडण्याची संधी दिली खरी, पण जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत त्यांनी तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वहिवाट सिद्ध करावी अशी अट घातली. आणि ज्या हालक्की वक्कलांना वा हरिकंत्रांना त्यांच्या आजोबांनी कागद म्हणून काहीच मागे ठेवले नाही त्यांच्यापुढे ही अट भिंतीसारखी उभी राहिली. या जिल्ह्यातले असे हजारो अर्ज फेटाळले गेले आहेत. ज्या यल्लापूर-हल्याळच्या मराठी बोलणाऱ्या गवळी-धनगरांना आपण आपले म्हणतो तेही त्याच रांगेत उभे आहेत.

समुद्रावरचा घाला निराळ्या रूपाने आला. १९७५ नंतरच्या काही वर्षांत पर्ससीन जाळ्याच्या यांत्रिक नौका या किनाऱ्यावर उतरल्या, सरकारी कर्जांनी त्यांना उत्तेजन मिळाले, आणि जो थवा किनाऱ्याजवळ येण्याची वाट गाव पाहत असे तो खोल पाण्यातच वेढून उचलला जाऊ लागला. पाच-सहा वर्षांत रापणी बसल्या. जाळ्याचे तुकडे घरांच्या आढ्याला टांगलेले राहिले, आणि दोर ओढण्याने ज्याला वाटा मिळत होता तो रोजंदारीचा खलाशी झाला. यंत्राने मासळी वाढली हे प्रथमतः खरे होते, पण अशा वाढीचा शेवट जगाने पाहिला आहे: १९९२ च्या जुलैत कॅनडाच्या सरकारला न्यू फाउंडलंडच्या समुद्रात कॉडची मासेमारी एका आदेशाने बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचे काम बुडाले, कारण पाचशे वर्षे न संपलेला मासा मोठ्या जहाजांनी तीन-चार दशकांत संपविला होता.

यानंतरचा इतिहास हा भूसंपादनाचा इतिहास आहे, आणि तो एकाच जिल्ह्याच्या वाट्याला किती दाटीने आला हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. काळी नदीवर सुप्याचे धरण झाले आणि जुने सुपे गाव पाण्याखाली जाऊन तेथली कोकणी-मराठी माणसे रामनगरात येऊन बसली. खाली कोडसळ्ळी आणि कद्रा ही धरणे झाली. त्यांच्या कुशीत कैग्याची अणुभट्टी आली. कोकण रेल्वेने किनारपट्टीचा एक पट्टा घेतला, राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाने दुसरा. आणि १९८६ साली ज्याची कोनशिला बसली त्या ‘सीबर्ड’ नाविक तळासाठी अर्ग्यापासून हारवाड्यापर्यंतची सुमारे अकरा हजार एकर जमीन घेण्यात आली आणि तेरा गावे, चार हजारांहून अधिक कुटुंबे उठविण्यात आली. २००५ साली तेथे ‘आयएनएस कदंब’ या नावाने तळ कार्यान्वित झाला. देशाच्या संरक्षणाला अशा तळाची आवश्यकता होती याविषयी मला शंका नाही, आणि ज्या गावकऱ्यांशी या विषयावर बोलणे झाले त्यांच्यापैकी कोणीही तसा प्रश्न उपस्थित केला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की देशासाठी द्यायचे ते आम्ही दिले. मग भरपाईच्या वाढीव रकमेसाठी आमच्या बापाने दाखल केलेला दावा आमच्या मुलाने का चालवावा? उत्तर कन्नडचे हे दावे अपिलात आपल्या धारवाडच्या खंडपीठापुढे येतात. न्यायालयाच्या आवारात मासळीच्या गावचे ते वृद्ध आपल्याला अनेकदा दिसले असतील. ते कोणत्या गावचे आहेत हे विचारण्याची तसदी आपण घेतली असती, तर त्यांतल्या कित्येकांच्या गावाचे नाव आता फक्त दाव्याच्या कागदावर उरले आहे हे आपल्याला समजले असते.

ज्या कुटुंबांना तोडूरच्या किंवा मुदग्याच्या वसाहतीत भूखंड मिळाले त्यांना घर मिळाले. समुद्र आणि डोंगर यांची जी जोड होती ती मिळाली नाही, कारण ती कोणत्याही पंचनाम्यात लिहिलेली नव्हती. येथे भाषेचा प्रश्न निघतो, आणि माझ्या मते तोच या साऱ्या प्रकरणाचा सर्वांत कमी ओळखला गेलेला भाग आहे. अशाच एका दूरच्या किनाऱ्याचे उदाहरण देतो. कॅनडाच्या पूर्वेस न्यू ब्रन्सविक प्रांतात अकेडियन म्हणून ओळखली जाणारी फ्रेंचभाषक माणसे राहतात. १७५५ साली इंग्रजांनी त्यांना त्यांच्या सुपीक जमिनींवरून हाकलले. जे परतले ते उरलेल्या रेताड किनाऱ्यावर वसले, उन्हाळ्यात मासे धरीत आणि हिवाळ्यात लाकूडतोडीला जात. म्हणजे आपल्या कारवारच्या गावांचीच, वर्षाचे दोन भाग समुद्राला आणि अरण्याला वाहिलेली, रचना. १९६९ साली या प्रांताने राजभाषा कायदा करून फ्रेंचला इंग्रजीच्या बरोबरीचे स्थान दिले, आणि त्याच वर्षी कूशिबूगॉक येथे राष्ट्रीय उद्यान करण्याचा करार होऊन बाराशेच्या आसपास माणसे, बहुतेक सारी अकेडियन, त्यांच्या मासेमारीच्या गावांतून उठविण्यात आली. एका हाताने भाषा राजपत्रात चढविली जात होती आणि दुसऱ्या हाताने ती बोलणारे गाव मोडले जात होते. शेजारच्या क्वेबेक प्रांतातही १९७० साली गास्पे द्वीपकल्पाच्या टोकाला फोरियों येथे असेच उद्यान झाले आणि सव्वादोनशे कुटुंबे हलविली गेली. त्यांची क्षमा प्रांताच्या विधिमंडळाने २०११ साली मागितली, म्हणजे चाळीस वर्षांनी, जेव्हा ज्यांची मागायची त्यांतले बरेच हयात नव्हते. वन्य जीवांच्या रक्षणाइतका निर्मळ उद्देश असूनही हे घडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडेही कोकणीला १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, आणि तेव्हा कारवार तालुक्यातली तेरा कोकणी गावे संपादनाच्या नोटिसा हातात घेऊन बसलेली होती. परिशिष्ट, अकादमी, शाळेतील ऐच्छिक विषय या सर्व गोष्टी मला मोलाच्या वाटतात. त्यांच्यासाठी झटलेल्यांविषयी आदर वाटतो. परंतु थोड्या लोकांची भाषा मुख्यतः त्यांच्या कामात राहते. वाऱ्याच्या दिशा, भरती-ओहोटीच्या वेळा, जाळ्याच्या भागांची नावे, झाडाच्या सालींचे गुण, वाटणीचे रिवाज, शिमग्याच्या गाबीत खेळांतली गाणी हे सारे रापण चालू असताना मूल न शिकवता शिकते. बाप गोव्यातल्या ट्रॉलरवर रोजंदारीला आणि आई शहरात धुणीभांडी करायला गेली, की त्या मुलापाशी शाळेची भाषा आणि दूरचित्रवाणीची भाषा एवढेच शिल्लक उरते. मराठीचे तेथले स्थान याच मार्गाने क्षीण झाले. सीमाप्रश्नाची चर्चा आपण सत्तर वर्षे केली, ठराव केले, खटले चालविले. आणि ज्या गावांच्या नावाने ते केले त्यांच्या पायांखालची वाळू कोणत्या राज्याची हे ठरण्यापूर्वीच ती वाळू दुसऱ्याच कामासाठी घेतली गेली, याकडे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी दुर्लक्ष केले. हे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी खेदाने लिहितो.

आता उरले काय? सीबर्डने दक्षिणेकडील आखाते घेतल्यावर कारवारच्या मच्छीमारांना होड्या लावण्यास मोकळी अशी मुख्यतः शहरासमोरची एकच वाळू राहिली, जिला रवींद्रनाथांचे नाव दिले आहे. आणि सागरमाला योजनेखाली बंदराचा दुसरा टप्पा तिच्याच अंगावर येऊ लागला. जानेवारी २०२० मध्ये मच्छीमार आणि त्यांच्यापुढे त्यांच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या, शहर बंद राहिले, आणि अखेर उच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. होन्नावरजवळ कासरकोड-टोंका येथे खासगी बंदराविरुद्ध असाच लढा अनेक वर्षे चालला आहे. २०२३ च्या अखेरीस केणीचे बंदर, ज्याचा अंदाजी खर्च चार हजार कोटींच्या वर आहे, जेएसडब्ल्यू समूहाकडे सोपविण्यात आले, आणि तेथे सर्वेक्षणाची यंत्रे पाण्यात उतरताच गावकरी किनाऱ्यावर जमले. महाराष्ट्रात डहाणूजवळ वाढवणच्या कोळ्यांनी तेथील बंदराला विरोध करताना जे शब्द उच्चारले तेच येथे ऐकू येतात. केणीपासून बेलेकेरी हाकेच्या अंतरावर आहे, आणि बेलेकेरीत काय झाले ते आपण विसरलेलो नाही: बळ्ळारीचे लोहखनिज भरलेल्या लाल धुळीच्या मालमोटारी वर्षानुवर्षे आपल्या हुबळीवरून, यल्लापूरवरून अरबैल घाट उतरत होत्या, २०१० साली बंदरात जप्त केलेले लाखो टन खनिज नाहीसे झाले, लोकायुक्तांपर्यंत प्रकरण गेले, आणि त्या सबंध काळात बंदराच्या गावाला मिळाली ती धूळ, आणि धुळीने माखलेली मासळी.

हुबळी-अंकोला लोहमार्गाची गोष्टही यापासून वेगळी नाही. सुमारे १६५ किलोमीटरचा हा मार्ग गेल्या शतकाच्या अखेरीस मंजूर झाला. त्याला सुमारे ५९६ हेक्टर वनजमीन लागते आणि दोन लाखांहून अधिक झाडे तोडावी लागतात. केंद्राच्या वनसल्लागार समितीने आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या मध्यवर्ती अधिकार समितीने त्याविरुद्ध अभिप्राय दिला. २०२० साली राज्याच्या वन्यजीव मंडळाने परवानगी दिली तेव्हा उच्च न्यायालयाने ती रोखली. आपल्या सभांतून या अडथळ्यांचा उल्लेख होतो तो जणू कोणी वाघाची आणि धनेशाची बाजू घेऊन माणसाची प्रगती अडविली आहे अशा सुरात. परंतु त्याच रानाच्या पाण्यावर गंगावळी आणि काळी वाहतात, त्यांच्या मुखाशी गाळ आणि गोडे पाणी यांच्या प्रमाणावर कोळंबी आणि तिसऱ्या जगतात, आणि त्यांवर गावे जगतात. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे महामार्गासाठी उभा कापलेला डोंगर नदीत कोसळला, अकरा जणांचा बळी गेला, आणि पाण्याच्या लाटेने पलीकडच्या काठावरील उळवरे या हालक्की वस्तीची घरे वाहून नेली. ज्यांची घरे वाहून गेली त्यांनी तो डोंगर कापला नव्हता.

यावर आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: मग हुबळीने काय करावे? या शहराच्या कारखान्यांना, ब्याडगीच्या मिरचीला, गदगच्या आणि हावेरीच्या शेतमालाला समुद्र नको का? आपल्या तरुणांना काम नको का? हवे, आणि माझ्या घरातल्या मुलांसाठीही ते हवे. माल जाण्याची वाट आज बंद आहे असे मात्र नाही. तो मार्मागोवा, मंगळूर आणि मुंबई या बंदरांकडे जातच आहे, आणि जो अधिक खर्च पडतो तो रुपयांत मोजता येण्यासारखा आहे. मोजता येण्यासारख्या खर्चाची तुलना ज्याची मोजदादच कोणी केलेली नाही अशा नुकसानाशी करून निर्णय घ्यावयाचा असेल, तर आधी ते नुकसान मोजावे, एवढीच माझी मागणी आहे. १८६२ सालच्या कापूस-व्यापाऱ्यांपाशी ते मोजण्याचे साधन नव्हते. आपल्यापाशी २००६ ची पर्यावरण अधिसूचना आहे, जनसुनावणी आहे, वनहक्क कायदा आहे, किनारा नियमनाचे नियम आहेत, आणि ते वाचू शकणारे विद्यापीठ आपल्या धारवाडात आहे.

म्हणून या दैनिकाच्या हुबळी-धारवाडच्या वाचकांना माझी विनंती अशी आहे. लोहमार्गाच्या आणि बंदराच्या निवेदनांवर आपण जेव्हा सही कराल तेव्हा त्याच कागदावर तीन अटी लिहून घ्या: उत्तर कन्नडमधील वनहक्कांचे फेटाळलेले अर्ज ग्रामसभेपुढे पुन्हा तपासले गेल्याशिवाय नवी वनजमीन घेऊ नये, सीबर्डच्या विस्थापितांचे शिल्लक दावे मिटल्याशिवाय किनाऱ्यावरचे एकही नवे गाव उठवू नये, आणि केणीसारख्या प्रकल्पाची जनसुनावणी जिल्ह्याच्या ठाण्यात न घेता गावात, गावकऱ्यांना समजेल अशा कोकणीत आणि कन्नडमध्ये, मासेमारीच्या हंगामाबाहेर, म्हणजे जून-जुलैच्या बंदीच्या काळात घ्यावी, जेणेकरून मत प्रकट करण्यासाठी कोणाला त्या दिवसाची मासळी सोडावी लागणार नाही. आपल्या व्यापारी मंडळांनी या अटी मान्य केल्या तर शासनाला त्या टाळता येणार नाहीत, कारण बंदराची मागणी मुख्यतः आपली आहे. आणि पुढच्या सुनावणीची तारीख जाहीर झाली, की हुबळीहून दोन-चार जाणत्या माणसांनी घाट उतरून तेथे जाऊन बसावे, आणि त्या गावांचे म्हणणे आपल्या शहराला येऊन सांगावे.